डिस्टेंपर, पिसाळणे आणि आपली वस्ती



मेहकर तालुक्यातल्या डोणगावात एका रविवारी वंदना आटोपल्यावर आरोग्याच्या गप्पा चालल्या होत्या. तेव्हा एका आजीने मध्येच विचारले, "माह्या नातीले कुत्र्याच्या पिलाचा दात लागला, तं सुई घ्याच लागते का बाप्पा?" विचारपूस केल्यावर सगळी हकीकत कळली. वस्तीत चार-पाच महिन्यांचे एक पिल्लू होते. आठवडाभर त्याच्या डोळ्यांतून आणि नाकातून चिकट घाण वाहत होती. मग त्याला झटके येऊ लागले. जबडा चघळल्यासारखा हलायचा आणि तोंडाला फेस यायचा. पोरांनी ओरड केली, "कुत्रं पिसायलं, मारा त्याले!" आणि काठ्यांनी ते मारून टाकले. दोन दिवस आधी ही नात त्याला भाकरी भरवत असताना तिच्या बोटाला दात लागला होता. घरच्यांनी जखमेत मिरची भरली आणि विषय संपला.

कोणी म्हणाले, "तो तर डिस्टेंपर असतो, माणसाला काही होत नाही." कोणी म्हणाले, "नाही, पिसाळलेलंच होतं." बोलणारे दोन्हीही खात्रीने बोलत होते. मुलीचा जीव मात्र या दोन मतांच्या मध्ये लोंबकळत होता. त्याच दिवशी तिला सरकारी रुग्णालयात नेऊन लसीची पहिली मात्रा दिली गेली आणि पुढच्या तारखाही पाळल्या गेल्या. मूल सुखरूप आहे. पण असा प्रश्न प्रत्येक वस्तीत कधी ना कधी उभा राहतो. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर जनावरांच्या साथरोगांचा हा धडा. माणसाला कोणता आजार लागतो, कोणता लागत नाही आणि संशय आला तर काय करायचे, हे आपण पायरीपायरीने पाहू.

डिस्टेंपर म्हणजे काय?

डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य साथरोग आहे. फ्रान्समधले पशुवैद्य आंरी कारे यांनी १९०५ मध्ये दाखवून दिले की हा रोग जंतूपेक्षाही सूक्ष्म अशा विषाणूमुळे होतो. आजारी कुत्रा शिंकला, खोकला की विषाणू हवेतून दुसऱ्या कुत्र्याच्या नाकात जातो. एकाच भांड्यात खाणे, नाकाला नाक लावून हुंगणे यांतूनही तो पसरतो. तीन ते सहा महिन्यांच्या पिल्लांना तो सर्वात जास्त गाठतो, कारण तोवर आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण ओसरलेले असते.

आधी ताप येतो आणि पिल्लू खाणे सोडते. मग डोळ्यांना चिपड येते, नाक वाहते, खोकला, उलट्या आणि हगवण सुरू होते. काहींच्या पोटावर पुटकुळ्या येतात. काहींच्या पंज्यांची गादी आणि नाकाचा शेंडा कडक होतो. विषाणू मेंदूपर्यंत पोचला की झटके येतात, एखादा पाय सारखा उडत राहतो, जबडा चघळल्यासारखा हलतो, चाल डळमळते. विषाणूला थेट मारणारे औषध नाही. सलाईन, झटक्यांवरचे औषध आणि दुसरे जंतू शिरू नयेत म्हणून प्रतिजैविके, एवढाच आधार देता येतो. बरीच पिल्ले दगावतात. जी वाचतात त्यांपैकी काहींना जन्मभर झटक्यांचा त्रास राहतो. बरा झालेला कुत्राही काही आठवडे, कधी कधी दोन-तीन महिने विषाणू बाहेर टाकत असतो, म्हणून त्याला इतर पिल्लांपासून दूर ठेवावे.

जमेची बाजू अशी की हा विषाणू शरीराबाहेर दुबळा असतो. ऊन, उष्णता, साबण आणि ब्लीचिंगचे पाणी त्याला लवकर संपवते. थंडीत तो जास्त वेळ टिकतो. लस तर फारच प्रभावी आहे. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पहिली मात्रा, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी एक असे सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, आणि वर्षभराने पुन्हा एक. कुत्र्यांना जी एकत्रित लस देतात, तिच्यात डिस्टेंपरची लस असतेच.

आता मुख्य प्रश्न. डिस्टेंपर माणसाला होतो का? नाही. आजारी पिल्लाची सेवा केल्याने माणसाला डिस्टेंपर होत नाही. पण हे उत्तर ऐकून निश्चिंत होणे धोक्याचे आहे. का, ते पुढे येईल. त्याआधी या विषाणूचे घराणे ओळखून घेऊ, कारण त्या घराण्यातला एक आपल्या लेकरांच्या पाळण्यापर्यंत आलेला आहे.

एका घराण्यातले चौघे

कुत्र्यांचा डिस्टेंपर, माणसाचा गोवर, गाईबैलांची बुळकांडी आणि शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर हे चारही विषाणू एकाच कुळातले आहेत. चौघांची तऱ्हा सारखी आहे. ताप येतो, डोळे-नाक वाहतात, फुप्फुसे किंवा आतडी बिघडतात आणि शरीराची रोगाशी लढण्याची ताकद खचते. त्यामुळे मूळ रोगातून वाचलेला जीव पुष्कळदा मागून येणाऱ्या न्यूमोनियाने किंवा हगवणीने जातो.

गोवर माणसाकडे कुठून आला? त्याचा पूर्वज बुळकांडीच्या विषाणूचाच जवळचा नातलग होता. माणूस गाईगुरांबरोबर राहू लागला, वस्त्या मोठ्या झाल्या आणि जनावरांचा विषाणू माणसात स्थिरावला. ही फाटाफूट सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी झाली असावी, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मांडला गेला. म्हणजे जवळपास तथागतांच्या काळातली ही घटना.

चौघांपैकी बुळकांडी आज पृथ्वीवर उरलेली नाही. जुन्या माणसांना तिचे नाव आठवत असेल. तिने गोठेच्या गोठे रिकामे केले होते. भारतात तिची शेवटची साथ १९९५ मध्ये आढळली आणि २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. माणसातली देवी आणि जनावरातली बुळकांडी हे दोनच रोग आजवर माणसाने समूळ संपवले आहेत. नवस किंवा गावदेवीची जत्रा यांनी हे झाले नाही. गावोगाव फिरून लस टोचणाऱ्या कर्मचाऱ्यांनी ते केले.

पीपीआर आपल्याकडे १९८७ मध्ये तमिळनाडूत पहिल्यांदा ओळखला गेला आणि पुढे देशभर पसरला. भूमिहीन घरात दोन-चार शेळ्या हीच बँक असते. पोराची फी, बाळंतपण, दवाखाना, सगळे त्यावर निघते. पीपीआरची साथ आली की आठ दिवसांत ही बँक बुडते. तोंडात फोड, नाकातून शेंबूड, वास मारणारी हगवण ही त्याची खूण. माणसाला तो होत नाही. एक लस साधारण तीन वर्षे संरक्षण देते. शेळीचे पिल्लू चार महिन्यांचे झाले की पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ती टोचून घ्यावी. आपल्यापैकी किती जणांनी ती घेतली आहे, हे एकदा मोजून पाहावे.

आणि गोवर? २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीत, भिवंडीत आणि मालेगावात गोवराची साथ आली आणि लहान मुले दगावली. जिथे दाटीवाटीने घरे, कमी पोषण आणि अर्धवट लसीकरण, तिथेच ती पेटली. गोवर आला की "देवी आली, औषध देऊ नका, कोणी शिवू नका" असे म्हणणारे आजही आहेत. नवव्या महिन्यानंतर पहिली आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी, अशा गोवर-रुबेलाच्या दोन मात्रा सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. मूल आजारी पडले तर जीवनसत्त्व 'अ' ची मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावी लागते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात गोवराला देवीचा कोप म्हणणे शोभत नाही.

विषाणू कुंपण मानत नाही

डिस्टेंपर कुत्र्यांपुरता राहत नाही. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गुजरातच्या गीर जंगलात, दलखाणिया भागात, काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले. तपासणीत त्यांपैकी काहींमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत याच विषाणूने सुमारे एक तृतीयांश सिंह मारले. तिथे तो गावकुत्र्यांकडून पोचला असल्याचे अभ्यासकांचे मत आहे. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नज माळरानावरच्या अभ्यासातही, तिथल्या गावकुत्र्यांपैकी बहुतेकांच्या रक्तात या विषाणूशी गाठ पडल्याच्या खुणा आढळल्या. त्याच माळावर खोकडही राहतात.

आपल्या जिल्ह्यात ज्ञानगंगा अभयारण्य आहे, लोणारच्या सरोवराभोवतीही अभयारण्य आहे. बिबट, लांडगे, कोल्हे, खोकड आणि आपल्या वस्तीतली कुत्री एकाच ओढ्याचे पाणी पितात. म्हणून पाळीव कुत्र्याला लस टोचणे हा श्रीमंतांचा शौक नाही. त्याने आपल्या शिवारातली आणि जंगलातली मुकी जनावरेही वाचतात.

उलट दिशेनेही असेच घडते. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले. २००६ मध्ये भारतातली बर्ड फ्लूची पहिली साथ नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात कोंबड्यांमध्ये आढळली होती. पक्ष्यांचा रोग वाघापर्यंत जातो, मग माणूस कसा वेगळा राहील? मेलेला कावळा किंवा अचानक मेलेल्या कोंबड्या उघड्या हाताने उचलू नयेत, शिजवून खाऊ नयेत, पशुवैद्यकाला कळवावे.

डिस्टेंपर की रेबीज? खरा धोका इथेच

आता आजीच्या नातीकडे परत येऊ. झटके, फेस, लाळ, डळमळणारी चाल या खुणा डिस्टेंपरमध्ये दिसतात आणि रेबीजमध्येही, म्हणजे कुत्रा पिसाळण्याच्या रोगातही दिसतात. थोडा फरक असा सांगतात. डिस्टेंपरमध्ये झटक्यांच्या आधी बरेच दिवस डोळे-नाक वाहते, खोकला आणि हगवण असते, आजार आठवडेही रेंगाळतो आणि कुत्रा सहसा घरच्यांना ओळखतो. रेबीजमध्ये स्वभाव एकाएकी बदलतो. शांत कुत्रा दगड-लाकूड चावत सुटतो किंवा चावरा कुत्रा अंधाऱ्या कोपऱ्यात गप्प पडून राहतो. आवाज घोगरा होतो, खालचा जबडा लोंबतो, मागचे पाय लुळे पडतात आणि लक्षणे दिसू लागल्यापासून साधारण दहा दिवसांच्या आत तो मरतो.

पण नीट लक्षात ठेवा. हा फरक डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाही. पशुवैद्यकालाही नाही. रेबीजची पक्की खात्री मेल्यानंतर मेंदूची तपासणी केल्यावरच होते. म्हणून नियम एकच. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली असेल, तर तो रेबीज समजूनच उपचार सुरू करायचे. "डिस्टेंपर असेल" या अंदाजावर लेकराचा जीव टांगायचा नाही. लस वाया गेली तर नुकसान काहीच नाही. पण रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

भारतात दरवर्षी रेबीजने किती माणसे मरतात याचे अंदाज साडेपाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत आहेत. बळी पडणाऱ्यांत मुलांचा वाटा मोठा आहे, कारण मुले कुत्र्यांशी खेळतात आणि मार बसेल या भीतीने चावा लपवतात. चाव्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण एक ते तीन महिने जातात. कधी आठवडाभर, तर कधी वर्षही लागते. याच अवधीत लस आपले काम करते. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या लसीने नऊ वर्षांच्या एका मुलाला वाचवण्याचा पहिला प्रयत्न झाला आणि तो मुलगा जगला. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तरी आपल्या वस्तीत जखमेत मिरची भरली जाते. ही गोष्ट आपण मनाला लावून घेतली पाहिजे.

चावल्यावर काय करायचे:

१. लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे जखम धुवा. घड्याळ लावून धुवा. निम्मे काम इथेच होते. मग असेल तर जंतुनाशक लावा.

२. मिरची, चुना, हळद, तेल, माती, बिब्बा काहीही लावू नका. जखम बांधू नका, टाके घाईने घालू नका.

३. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. पोटात चौदा सुया घेण्याचा काळ संपला. आता लस दंडात देतात. त्वचेत देण्याच्या पद्धतीत पहिल्या दिवसाला शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुढच्या मात्रा मिळतात. स्नायूत देण्याच्या पद्धतीत चौदावा दिवसही धरतात. एकही तारीख चुकवू नका.

४. रक्त आले असेल, चावा खोल असेल, डोळा-तोंड किंवा फाटलेल्या त्वचेला लाळ लागली असेल, तर फक्त लस पुरत नाही. जखमेत आणि भोवती तयार प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते. "साहेब, ते दुसरं इंजेक्शन द्यायचं का?" असे स्वतः विचारा. तिथे नसेल तर मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागा.

५. कुत्रा मारू नका. शक्य असेल तर त्याला लांबून बांधून किंवा कोंडून दहा दिवस पाहा. दहा दिवसांनी तो धडधाकट असेल तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, आणि डॉक्टर पुढच्या मात्रांचा विचार करू शकतात. लस मात्र दहा दिवस थांबून नव्हे, पहिल्याच दिवशी सुरू करायची. डोणगावातल्या पोरांनी पिल्लू मारले, म्हणजे मुलीच्या हातातला हा पुरावाच गेला. शिवाय मेलेले पिल्लू उघड्या हातांनी फरफटत नेणाऱ्या पोरांनाही दवाखान्यात पाठवावे लागले.

शेतकऱ्यांसाठी आणखी एक. बैल किंवा म्हैस लाळ गाळते, गिळत नाही, म्हणून "घशात काही अडकलं असेल" असे समजून आपण कोपरापर्यंत हात तोंडात घालतो. ते जनावर पिसाळलेले असू शकते. हात घालण्याआधी पशुवैद्यकाला बोलवा. पिसाळलेला कुत्रा गुराला चावला तर गुरालाही लगेच लस द्यावी लागते.

माणसाला लागणारे आणि न लागणारे

*लंपी.* गाईबैलांच्या अंगावर गाठी आणणारा हा रोग भारतात २०१९ मध्ये ओडिशात पहिल्यांदा दिसला. २०२२ मध्ये महाराष्ट्रभर पसरला आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यालाही त्याची मोठी झळ बसली. बैलबाजार बंद झाले, दूध विकले जाईना. माश्या, डास, गोचीड यांच्या चाव्यातून तो पसरतो. माणसाला तो होत नाही, उकळलेले दूध निर्धोक असते. तरी अफवांनी कित्येकांचा दुधाचा धंदा बसला. त्या वेळी सरकारने दुधाळ गाईसाठी ३० हजार, ओढकाम करणाऱ्या बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये मदत जाहीर केली होती. अशी मदत नोंदीवर मिळते. ज्यांनी जनावर आजारी पडताच दवाखान्याला कळवले त्यांची नोंद राहते. ज्यांनी गुपचूप पुरले त्यांच्याकडे दाखवायला काहीच उरत नाही.

*लाळ्या-खुरकूत.* जनावरांत भयंकर वेगाने पसरतो, पण माणसाला त्यापासून सहसा धोका नाही. सरकारी मोहिमेत लस मोफत टोचतात.

*सांसर्गिक गर्भपात.* हा माणसाला लागतो. गाय, म्हैस, शेळी गाभडली की पडलेले वासरू, जार आणि पाणी यांत जंतू असतात. उघड्या हाताने ओढणाऱ्याला, कच्चे दूध पिणाऱ्याला महिनोनमहिने चढता-उतरता ताप, घाम, सांधे आणि कंबर दुखणे सुरू होते. मलेरिया, टायफॉइड सगळे तपासून काही सापडत नाही. अशा वेळी डॉक्टरांना "आमच्याकडे म्हैस गाभडली होती" हे आवर्जून सांगा. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना याची लस टोचतात.

*काळपुळी.* जनावर अचानक मरते, नाक-तोंड-गुदद्वारातून काळपट रक्त येते आणि ते गोठत नाही. हा रोग माणसाला लागतो. कातडी सोलणाऱ्याच्या हातावर दुखत नसलेली, मधे काळी खपली असलेली जखम होते. मांस खाल्ले किंवा श्वासातून बीजाणू गेले तर जीवही जातो. हे बीजाणू मातीत अनेक दशके जिवंत राहतात. म्हणून अशा जनावराला कापायचे नाही, सोलायचे नाही. पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली खोल पुरायचे किंवा जाळायचे.

*उंदरांचे रोग.* उंदराच्या मुताने दूषित पाण्यातून लेप्टो होतो. म्हणून पावसाळ्यात पायाला जखम असताना चिखलात अनवाणी जाऊ नका. आणि प्लेग? १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी आधी उंदीर पटापट मेले आणि मग माणसे तापाने पडली. घरात एकाएकी उंदीर मरू लागले तर ती आनंदाची बातमी नसते.

प्लेग म्हटले की क्रांतिज्योती सावित्रीबाईंची आठवण होते. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग असताना त्यांनी डॉक्टर मुलगा यशवंत याला बोलावून माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तिथे नेले. तो वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. साथीच्या काळात दार बंद करून घेणारे पुष्कळ होते. ज्या वाड्यात कोणी पाऊल टाकत नव्हते तिथल्या मुलाला उचलून घेणारी ही माउली होती.

मेलेले ढोर कोणी उचलायचे?

हा प्रश्न आरोग्याचा आहे आणि आपल्या इतिहासाचाही. गावात ढोर मेले की ते ओढून नेणे हे वतनाच्या नावाखाली आपल्या आजा-पणजांच्या माथी मारलेले काम होते. बुळकांडी असो, काळपुळी असो, कोणत्या रोगाने जनावर मेले हे त्यांना कोणी सांगत नसे. हातमोजे नव्हते, मोबदला नव्हता, आणि पोटाची आग इतकी की मेलेल्या जनावराचे मांसही खावे लागे. त्यातून किती माणसे काळपुळीने, तापाने, हगवणीने गेली, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडा, असे आपल्या लोकांना आवर्जून सांगितले. आपण ते स्वाभिमानाचे आवाहन म्हणून वाचतो आणि ते तसे होतेच. पण आरोग्याच्या नजरेने पाहिले तर त्या एका निर्णयाने घराघरात शिरणारा रोगांचा एक मोठा रस्ता बंद झाला. स्वाभिमान आणि आरोग्य हे वेगळे नाहीत, हे यातून कळते.

पण तो रस्ता देशात सगळीकडे बंद झालेला नाही. २०१६ मध्ये गुजरातमधल्या उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना जाहीर मारहाण झाली, तेव्हा हे काम आजही कोणाच्या वाट्याला येते ते साऱ्या देशाने पाहिले. जनावरांतल्या संसर्गजन्य रोगांबाबत २००९ चा केंद्रीय कायदा आहे. रोगाची माहिती देणे जनावराच्या मालकावर बंधनकारक आहे आणि रोगाने मेलेले जनावर नदी-नाल्यात टाकणे गुन्हा आहे. म्हणून आपल्या गावात कोणी "तुमच्यातलं कोणी पाठवा" म्हणाले, तर शांतपणे सांगायचे की हे काम जातीचे नाही. मालकाने आणि ग्रामपंचायतीने ते करावे. पोटासाठी जो हे काम करतो त्याला हातमोजे, गमबूट, मुखपट्टी, साबण-पाणी आणि योग्य मजुरी मिळाली पाहिजे. कामाची लाज नाही, सक्तीला मात्र नकार आहे.

करुणा म्हणजे काय?

काही जण विचारतात, माणसांचे प्रश्न इतके असताना कुत्र्या-शेळ्यांची चिंता कशाला? सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी, अशी दोन्ही प्रकारची चिकित्सा राज्यात सुरू केल्याचे कोरून ठेवले आहे. जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणून लावल्या, असेही त्यात आहे. तथागतांनी हगवणीने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले आणि संघाला आजाऱ्याची सेवा करायला सांगितले. पहिले शील प्राण्याच्या जीवाबद्दल आहे. पण झटके येणाऱ्या पिल्लाला नुसती दया दाखवून कवटाळणे ही करुणा नव्हे आणि काठीने ठेचणे ही सावधगिरी नव्हे. त्याला लांबून कोंडणे, पशुवैद्यकाला बोलावणे आणि पुढच्या पिल्लांना वेळेवर लस टोचणे, यात करुणाही आहे आणि प्रज्ञाही.

आपल्या विहारापासून सुरुवात

विहार समिती आणि महिला मंडळाने एवढे करावे:

१. वस्तीतल्या कुत्र्यांची, शेळ्यांची, गुरांची एक वही करा. कोणाला कोणती लस कधी दिली ते लिहा.

२. पशुधन विकास अधिकाऱ्यांना पत्र देऊन वर्षातून एकदा वस्तीतच लसीकरणाचा दिवस ठरवून घ्या. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन त्यासाठी योग्य आहे.

३. आशाताईंकडून प्रत्येक मुलाचे गोवराचे कार्ड तपासून घ्या. राहिलेल्या मुलांची नावे त्याच दिवशी लिहून द्या.

४. विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा : जनावरांसाठी १९६२, माणसांसाठी १०८. खाली लिहा : चावले, तर पंधरा मिनिटे साबण, मग लगेच दवाखाना.

५. मुलांना सांगा की कुत्रा चावला तर घरी सांगायचे, मार बसणार नाही. आणि मोठ्यांनी हा शब्द पाळायचा.

६. दूध उकळून प्यायचे, गोठ्यातून आल्यावर हात साबणाने धुवायचे, उकिरडा घरापासून लांब ठेवायचा.

त्या रविवारी विहारातून निघताना आजीने विचारले, "तं मंग ते पिल्लू पिसायलं होतं का नवतं?" आता ते कधीच कळणार नाही. पण नातीला पाचही दिवस दवाखान्यात घेऊन गेली ती आजीच. शेवटच्या मात्रेनंतर ती म्हणाली, "कळो ना कळो, पोरगी तं हाये ना घरात." एवढे कळले तरी हा धडा पुरेसा आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.